पोळ्याच्या आदल्या रात्रीचं चित्र

दर्यापूरजवळून,
भाद्रपद

प्रिय मित्रा,

पोळ्याचं चित्र झालं का, असं तू तीनदा विचारलंस. झालं. पण त्यात पोळाच नाही, बे!

मी काढायला बसलो होतो तोरणाखालची रांग. झुली, शिंगांना बेगड, झडती म्हणजे पोळ्याची गाणी म्हणणारा म्हातारा, उधळलेला एक गोऱ्हा. काडेपेटीएवढ्या 22 चौकोनांत तेच इकडून तिकडे फिरवलं. डोळे बारीक करून पाहिलं तर सगळं सारखंच करडं, नजर कुठं टेकतच नव्हती. गर्दी होती, गोष्ट नव्हती.

कागद बाबांपुढे ठेवले. तोरणाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यात दोन मिनिटांत ओढलेलं खांदशेकणीचं, म्हणजे बैलाचा खांदा हळद-तुपानं शेकतात त्याचं, एक रफ होतं, त्यावर बोट ठेवलं.

"हा मीच ना? मंग पाठ काहून चोळून राह्यलो? जू बसते वशिंडाच्या पुढं. घट्टा तिथं हाय."

आणि थोडं थांबून, "उद्या त्याले सारं गाव पायते."

झालं, तोरण तिथंच सुटलं. पुन्हा गोठ्यात गेलो आणि नुसता तो घट्टा काढत बसलो. केस झडलेले, कातडं काळं, जोड्याच्या टाचेसारखं निबर. त्यावर हळद-तुपात बुडवलेलं पळसाचं पान आणि बाबांचा अंगठा.

रफ चौकोन पाडून मोठं केलं, खिडकीच्या काचेवर धरून चांगल्या कागदावर उतरवलं. मेलं! रेघ इस्त्री केल्यासारखी. रफमधला बैल अंग चोरत होता, हा नुसता उभा. 4 दिवस वाया गेले.

मग अजिंठ्याचं 17 वं लेणं आठवलं. तिथल्या चितारी लोकांनी आधी लाल रेघेनं आकार बांधला, रंग भरले आणि रंगाखाली दबलेली रेघ शेवटी पुन्हा ओढली. म्हणजे कच्ची रेघ जपून ठेवायची नसतेच, ती शेवटी नव्यानं ओढायची. मीही रफ समोर टेकवलं, गेरूनं नुसत्या नजरेनं आकार धरला, रंग दिले आणि वाळल्यावर खांद्यापासून हात हलवून काळी रेघ मारली. दोनदा चुकली. चुकू दिली.

पिवळा रंग फक्त पानावर आणि अंगठ्यावर आहे. उद्याची झूल मागं अंधारात खुंटीला, घडी केलेली. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" हे बाबा बैलाला म्हणतात ते कसं काढायचं, यावर फार डोकं खाजवलं. शेवटी त्यांचं तोंड किंचित उघडं ठेवलं आणि बैलाचा एक कान त्यांच्याकडे वळवला. बस.

बाबांनी पाहिलं. मागचा पाय लंगडते म्हणाले. खरंय, पण कागद आणखी खरवडला तर फाटेल.

दिवाळीत आलास की पाठ चोळणारं ते रफ तू घेऊन जा. बाबांना ते घरात नकोय.

तुझाच