सांगलीच्या टेलर मास्तरांना, एका कराटेवालीकडून

मास्तर, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर एवढं लांबलचक वाचणार नाही हे ठाऊक आहे. नातवाला वाचून दाखवायला सांगा.

इस्तंबूलच्या कराटे स्पर्धेहून परत येऊन बरेच दिवस झाले. पदक नाही आलं, दुसऱ्या फेरीत बाहेर पडले. पण ताटामीवर, म्हणजे खेळायच्या मॅटवर असताना एकदाही माझं लक्ष बाहीकडे गेलं नाही. यात काय एवढं, असं लोकांना वाटेल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मी खेळते तो काता हा कराटेतला एकट्याने करायचा प्रकार. मारायला समोर कुणी नसतं, त्यामुळे पंच फक्त आपल्याला बघत असतात. पूर्वी ते लाल-निळी निशाणं वर करायचे. २०१९ साली नियम बदलले आणि सात पंच गुण देऊ लागले, तेव्हा ७० टक्के तंत्राला, ३० टक्के ताकद, वेग आणि तोलाला. ड्रेसचेही नियम आहेत. बाही कोपर ते मनगट या अंतराच्या निम्म्यापर्यंत तरी यायला हवी, पण मनगटापुढे जाता कामा नये. पायजम्याने नडगीचा दोन तृतीयांश भाग झाकला पाहिजे, घोट्याच्या खाली मात्र जाता कामा नये. आणि बाही दुमडायची नाही. चुकलं तर नीट करायला एक मिनिट देतात.

ते एक मिनिट मी भोगलंय. ज्यांनी आमचे ड्रेस मागवले, त्यांनी मापं कागदावर लिहून घेतली आणि कागद कुठल्या तरी फायलीत घातला. हातात आला तो पुरुषाचा ड्रेस, बाह्या बोटांपर्यंत. संघटनेतल्या साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "घे दुमडून, कोण बघतंय?" बघणारे होते. विमानाचं तिकीट, व्हिसा, प्रवेश फी, सगळं आम्हीच भरायचं, आणि हे साहेब वर्षभर एकमेकांना कोर्टात खेचणार. खुर्चीसाठी त्यांच्यात जेवढी कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत चालते तेवढी आमच्यातही चालत नाही.

मग टेलर शोधायला निघाले. एसी लावलेल्या दुकानांत कापडाला हात लावून परत दिलं. "मॅडम, हा कॅनव्हास आहे. आमच्या मशिनवर नाही बसत."

तुम्हीही पहिल्या दिवशी हाकलूनच दिलंत. "कोरं कापड आहे. आधी धुऊन आण. आटल्याशिवाय मी कात्री लावत नाही." एवढी साधी गोष्ट, पण तोवर मला कुणी सांगितली नव्हती, विकणाऱ्यानेही नाही.

धुऊन आणला, अंगात घातला आणि माप द्यायला जसं उभं राहतात तशी उभी राहिले. हात सरळ खाली, मान ताठ. तुम्ही गळ्यात टेप टाकून माझ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "खेळताना अशीच उभी राहतेस काय? मार की."

इस्त्रीचं टेबल आणि ब्लाउजच्या गठ्ठ्यांमधल्या जेमतेम जागेत मी एक ठोसा मारला. तुम्ही मारणाऱ्या हाताकडे बघितलंच नाही. कमरेशी मागे ओढलेल्या हाताकडे बघितलंत. "ही बाही वर चढतीय," म्हणालात आणि तिथे खडूची रेघ ओढलीत. मग मला खाली वाकून पाय फाकवायला लावलंत, स्वतः फरशीवर बसलात आणि नडगी किती उघडी पडते ते बघितलंत. फॉल-बिडिंगची साडी घेऊन आलेल्या एक काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही हसला नाहीत. पुन्हा एकदा मार म्हणालात. मी पुन्हा मारलं.

मास्तर, कराटेत माझी मापं घेणारे पुष्कळ भेटले. वजन, उंची आणि वय. वय तर फारच. पंचविशी उलटल्यापासून "आता पुरे" हे ऐकतेय. स्पेनच्या सांद्रा सांचेझने टोकियो ऑलिंपिकमध्ये कातामधलं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती ३९ वर्षांची होती, हे मी त्यांना सांगून दमले. हा ड्रेस घालून मी करते काय, ते बघून मग टेप लावणारे तुम्ही पहिलेच.

बाहीच्या टोकाला ज्या शिलाया असतात त्याही तुम्ही उसवायच्या आधी मोजून घेतल्यात आणि तेवढ्याच परत घातल्यात. "वजनासाठी असणार," एवढंच म्हणालात. कराटेतलं ओ की ठो माहीत नसताना! आता हात झटकला की बाही वाजते, पूर्वीसारखीच.

पैसे मात्र पूर्ण घेतलेत, मोडलेल्या सुईचेही. ते मला फार आवडलं. पोरगी देशासाठी खेळते म्हणून फुकट, असलं काही केलं नाहीत. साहेब लोक माझ्याबरोबर फोटो काढतात आणि फोन उचलत नाहीत. तुम्ही शनिवारी देतो म्हणालात आणि शनिवारी दिलात. या देशात जे काही धड चाललंय, ते अशाच माणसांमुळे चाललंय.

निघताना विचारलंत, "ऑलिंपिकला कधी?" मी नुसती हसले. कराटे ऑलिंपिकमध्ये एकदाच आलं, टोकियोत. पॅरिसला नव्हतं, लॉस एंजेलिसलाही नाही. तुम्ही इतक्या उत्साहाने विचारलंत की सांगवेना. आता इथे सांगून टाकते. आशियाई स्पर्धेत आहे अजून, काळजी नसावी.

पुढच्या आठवड्यात माझ्या क्लासमधल्या पोरी ड्रेस घेऊन येतील. धुऊनच आणा म्हणून बजावलंय. ब्लाउजची घाई असेल तर बसवून ठेवा, थांबतील. फक्त त्यातली धाकटी फार लाजते. मार म्हटलं तरी पटकन मारणार नाही, दोनदा सांगावं लागेल.

तुमची,
कॅनव्हासवाली