पाहुण्यांची देणगी आणि मंडळाची पेटी

पुण्यात मराठी शिकायला येणारे परदेशी विद्यार्थी आणि इथली तरुण मंडळे एकत्र कार्यक्रम करून निधी जमवतात. उपक्रम मनापासून आवडतो, म्हणूनच लिहितो.

पहिली अडचण पेटीपाशीच येते. परदेशी नागरिकाने इथेच, रुपयांत, अगदी पन्नासाची नोट टाकली तरी कायद्याने ती विदेशी देणगी ठरते. २०१०च्या विदेशी देणगी नियमन कायद्यानुसार (एफसीआरए) त्यासाठी नोंदणी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच घ्यावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मराठी माणसाला ही अट नाही. ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला) मात्र आहे! तेव्हा पाहुण्यांनी श्रम द्यावेत, पैसे स्थानिकांकडून घ्यावेत. ई-पर्यटक व्हिसावर अशी बिनमोबदला सेवा जास्तीत जास्त एक महिना करता येते, तारखा त्यात बसवाव्यात.

नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणीआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. पावतीपुस्तकावर क्रमांक छापलेले हवेत, चुकलेली पावती फाडून टाकू नये, ‘रद्द’ लिहून स्थळप्रतीला टाचावी. हिशेब बहुधा तिथेच जुळत नाही.

भाषा-संस्कृतीची देवाणघेवाण भाषणांत अडकते. त्यापेक्षा एक पाहुणा, एक स्थानिक अशा जोड्या भजीच्या स्टॉलवर उभ्या कराव्यात. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला वेगळा च गिऱ्हाइकाशी बोलताना दहा मिनिटांत जिभेवर बसतो.

– एक भाषाशिक्षक, पुणे