शेगडीत गेलेली गुंडाळी

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

बायबल कोणी लिहिलं आणि त्यातली पुस्तकं कोणी निवडली, असं तू विचारलंस. मराठी बायबल तुझ्या हाताशी आहेच, तेव्हा आधी त्यात यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 36वा अध्याय काढ. त्या काळी पुस्तक कसं तयार व्हायचं हे इतक्या स्पष्टपणे बायबलमध्ये दुसरीकडे कुठे सांगितलेलं नाही.

इ.स.पूर्व 605च्या सुमाराची गोष्ट. यिर्मया तोंडानं सांगतो आणि बारूख नावाचा लेखनिक शाईनं गुंडाळीवर उतरवून घेतो. पुढं ती गुंडाळी यरुशलेमच्या मंदिरात वाचली जाते, मग राजवाड्यात पोचते. हिवाळा आहे, यहोयाकीम राजासमोर शेगडी पेटलेली आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूनं तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत करत सगळी गुंडाळी जळून जाते. यिर्मया बारूखला दुसरी गुंडाळी घ्यायला लावतो, पुन्हा सगळं सांगतो, आणि अध्यायाच्या शेवटी म्हटलंय की या वेळी तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली.

एक सांगणारा, एक लिहिणारा, जळालेली पहिली प्रत आणि वाढलेली दुसरी. पुस्तक तिथंही थांबलं नाही. यिर्मयाचा जुना ग्रीक अनुवाद आजच्या हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक-अष्टमांशानं लहान आहे, आणि त्यात प्रकरणांचा क्रमही वेगळा लागतो. अनुवादकानं काटछाट केली असेल, असं पुष्कळांना वाटायचं. मग 1947 पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये गुंडाळ्या सापडत गेल्या. त्यांतले यिर्मयाचे काही हिब्रू तुकडे त्या लहान ग्रीक पाठाशी जुळले आणि काही मोठ्याशी. म्हणजे एकाच पुस्तकाची लहान आणि मोठी अशी दोन रूपं हिब्रूतच शेजारी शेजारी नांदत होती. ‘लेखक कोण’ हा प्रश्न अशा पुस्तकाला विचारताना आधी ‘कुठल्या टप्प्यावर?’ असं विचारावं लागतं.

आता पहिली पाच पुस्तकं. परंपरा ती मोशेची मानते. पण ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकाचा 34वा अध्याय मोशेच्या मृत्यूचा आहे, आणि त्याची कबर आजवर कोणाला ठाऊक नाही असं त्यात लिहिलंय. (इथं अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे; नियमशास्त्राची पुन्हा केलेली मांडणी.) उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या 36:31मध्ये (36वा अध्याय, 31वं वचन) ‘इस्राएलावर कोणी राजा राज्य करण्यापूर्वी’ असे शब्द येतात. राजे होऊन गेल्यानंतरच्या माणसालाच असं लिहिता येईल. बाराव्या शतकात अब्राहम इब्न एझ्रा या यहुदी भाष्यकारानं अशा जागांवर सूचक शब्दांत बोट ठेवलं, आणि 1670मध्ये तत्त्वज्ञ स्पिनोझानं ते उघडपणे मांडलं.

जोड कसा दिसतो हे तुला स्वतः बघता येईल. पेन्सिल घे. उत्पत्तीचा पहिला अध्याय वाच आणि निर्माता कुठल्या नावानं येतो ते खूण कर: सगळीकडे ‘देव’. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनाच्या मध्यावर ये, तिथून एकदम ‘परमेश्वर देव’ सुरू होतं. हिब्रूत आधी एलोहीम आहे आणि मग त्याला याहवे हे नाव जोडलं जातं. मराठीतही तो फरक स्पष्ट दिसतो. नावाबरोबर क्रमही पालटतो. पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग जलचर आणि पक्षी, मग पशू, आणि शेवटी नर-नारी एकत्र निर्माण होतात. दुसऱ्यात आधी मातीतून पुरुष, मग झाडं, मग प्राणी, आणि सर्वांत शेवटी स्त्री. जलप्रलयात तर दोन्ही धागे एकमेकांत विणलेले आहेत. 6:19मध्ये प्रत्येक जातीची एक जोडी घ्यायची आहे, तर 7:2मध्ये शुद्ध पशू सात-सात. एका जागी पूर चाळीस दिवसांचा, दुसऱ्या जागी पाणी दीडशे दिवस चढलेलं.

फ्रेंच वैद्य जाँ आस्त्र्युक यानं 1753मध्ये देवाच्या नावांवरून हे धागे वेगळे केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन अभ्यासक यूलियुस वेलहाउझेननं चार स्रोतांची मांडणी पक्की केली. ती आज जशीच्या तशी मानली जात नाही. धागे किती आणि कधी विणले यावर अभ्यासकांचे वाद आहेत. तरी याजकांचा हात वेगळा आणि ‘अनुवादा’मागचा हात वेगळा, एवढं बहुतेकांना मान्य आहे. याच संदर्भात 2 राजे 22 वाच. इ.स.पूर्व 622च्या सुमारास मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो, आणि त्यातल्या वचनांबद्दल परमेश्वराचा कौल विचारायला योशीया राजा माणसं पाठवतो ती हुल्दा या संदेष्टीकडे. तो ग्रंथ म्हणजे ‘अनुवादा’चं एखादं जुनं रूप असावं असा तर्क केला जातो, कारण त्यानंतर योशीयानं केलेल्या सुधारणा त्याच पुस्तकातल्या आज्ञांशी जुळतात. एखादं लिखाण अधिकृत ठरण्याचा हा बायबलमधला पहिला ठळक प्रसंग, आणि त्यावर मोहोर उमटली एका बाईच्या शब्दानं. हे फार कमी जण सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की संकलकांनी विसंगती पुसल्या नाहीत. दोन हकिकती हाती आल्या तर दोन्ही ठेवल्या. त्यांना विसंगती दिसत नव्हती असं समजू नकोस. जे पवित्र म्हणून हाती आलं त्यातलं काही टाकायचा अधिकार ते स्वतःकडे घेत नव्हते.

यशया आणि दानीएल यांच्याबद्दल थोडक्यात. यशया इ.स.पूर्व आठव्या शतकातला, पण त्याच्या पुस्तकात 40व्या अध्यायापासून बाबेलमधल्या बंदिवासाची हवा आहे आणि 45:1मध्ये कोरेश या इराणी राजाचं नाव येतं. त्यानं बाबेल जिंकलं ते इ.स.पूर्व 539मध्ये. म्हणून पुढचा भाग नंतरच्या संदेष्ट्यांचा मानतात. दानीएल अर्धा हिब्रू आणि अर्धा अरामी आहे. तो आजच्या रूपात आला तो अंतियुखस चौथा या ग्रीक राजानं यहुद्यांचा छळ केला त्या काळात, इ.स.पूर्व 160च्या दशकात.

नव्या करारात, म्हणजे येशूनंतर लिहिलेल्या भागात, सर्वांत जुनी आहेत ती पौल या प्रेषिताची पत्रं, येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं नव्हेत. पुस्तकांच्या क्रमावरून इथं हमखास चूक होते. पौल लिहितो तो इ.स. 50च्या दशकात. त्याच्या नावावर तेरा पत्रं आहेत. त्यांतली सात निर्विवाद त्याची: रोमकर, 1 व 2 करिंथकर, गलतीकर, फिलिप्पैकर, 1 थेस्सलनीकाकर, फिलेमोन. तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेली तीन पत्रं बहुतेक अभ्यासक पौलानंतरची धरतात; शब्दसंग्रह वेगळा आहे आणि मंडळीत तोवर अध्यक्ष, सेवक अशी घडी बसलेली दिसते. उरलेल्या तीनांवर मतभेद आहेत. इब्री लोकांस पत्रावर तर कोणाचंच नाव नाही. ते कोणी लिहिलं हे देवालाच ठाऊक, असं तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानानं म्हणून ठेवलंय.

निर्विवाद पत्रंही पौलानं स्वतःच्या हातानं लिहिली असं समजू नकोस. रोमकरांस पत्राच्या 16:22मध्ये लेखनिक मध्येच स्वतःचा नमस्कार सांगतो: हे पत्र लिहिणारा मी तर्तियु. ज्ञानेश्वरीच्या शेवटी सच्चिदानंदबाबांचं नाव येतं, तसंच हे. गलतीकरांस पत्राच्या शेवटी मात्र पौल लेखणी स्वतः हातात घेतो आणि म्हणतो, बघा, मी किती मोठ्या अक्षरांत लिहितोय.

चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखकाचं नाव नाही. ‘मत्तयानुसार’, ‘मार्कानुसार’ हे मथळे मागाहून लागले. चौघांची नावं एकत्र आणि ठामपणे येतात ती इ.स. 180च्या सुमारास बिशप इरेनियसच्या लिखाणात. मार्क सर्वांत आधीचा, साधारण इ.स. 70च्या आसपासचा. त्याच्या 661 वचनांपैकी सुमारे 600चा ऐवज मत्तयात पुन्हा येतो, तोही पुष्कळदा त्याच ग्रीक शब्दांत. असं होतं ते समोर लेखी प्रत असल्यावरच. लूक तर पहिल्या चार वचनांतच आपली पद्धत सांगतो: आधी पुष्कळांनी लिहिलंय, मी सगळं मुळापासून तपासून क्रमवार लिहितोय.

आता निवडीकडे येतो. ‘इ.स. 325च्या निकेया परिषदेत कॉन्स्टंटाइन बादशहानं पुस्तकं ठरवली’ हे तुझ्या कानावर आलंय. ते चूक आहे. बिशपांच्या त्या परिषदेचे 20 नियम उपलब्ध आहेत आणि त्यांतला एकही बायबलच्या यादीबद्दल नाही. वेदीजवळ सगळी पुस्तकं ठेवली, प्रार्थना केली आणि खोटी तेवढी खाली राहिली, ही कथा नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रंथातली, म्हणजे जवळपास साडेपाचशे वर्षांनंतरची. कॉन्स्टंटाइननं खरोखर केलं ते एवढंच: काही वर्षांनी युसेबियस या बिशपला पत्र पाठवून नव्या राजधानीतल्या मंडळ्यांसाठी चर्मपत्रावर 50 प्रती तयार करवल्या. कोणती पुस्तकं घ्यायची, हे त्या पत्रात नाही.

निवड झाली ती वाचनातून आणि नकलांतून. कलस्सैकरांस पत्राच्या 4:16मध्ये सूचना आहे की हे पत्र लावदिकीयात वाचायला द्या आणि तिकडचं तुम्ही मागवून वाचा. संग्रहाला सुरुवात होते ती अशी. (लावदिकीयाचं ते पत्र हरवलं.) इ.स. 140च्या सुमारास मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकानं स्वतःची यादी केली: काटछाट केलेला लूक, पौलाची दहा पत्रं, आणि जुना करार पूर्ण बाद. त्याला उत्तर देताना बाकीच्यांनाही आपण काय वाचतो हे बोलून दाखवावं लागलं. मिलानमध्ये मुरातोरी या इतिहासकाराला सापडलेल्या आणि 1740मध्ये छापलेल्या एका जुन्या यादीत ‘हर्मासचा मेंढपाळ’ या लोकप्रिय पुस्तकाबद्दल म्हटलंय की ते खुशाल वाचावं, पण उपासनेत नाही, कारण ते अगदी अलीकडे लिहिलं गेलंय. कसोट्या यातून कळतात: प्रेषितांच्या काळाशी नातं, शिकवणीशी मेळ आणि सर्वत्र वाचन.

कसोटी लावताना घोटाळाही होई. अंत्युखियाचा बिशप सेरापियन यानं दुसऱ्या शतकाच्या अखेरीस र्‍होसूस गावच्या मंडळीला ‘पेत्राचं शुभवर्तमान’ वाचायला परवानगी दिली, तीही पुस्तक न वाचता. मग कुरबुरी कानावर आल्या. त्यानं प्रत मिळवून वाचली, बहुतेक भाग बरोबर पण काही भर घातलेली आढळली, आणि तसं मंडळीला लेखी कळवलं. हुकूम सुटला आणि पुस्तक गाडलं, असं चित्र नाही. एक माणूस दुरुस्ती करतोय.

आज आपण मोजतो ती नव्या कराराची 27 पुस्तकं, कमी नाही जास्त नाही, प्रथम दिसतात इ.स. 367मध्ये. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस दरवर्षी ईस्टरची तारीख कळवणारं पत्र काढायचा, त्यातल्या 39व्या पत्रात. पण त्याच पत्रातली त्याची जुन्या कराराची यादी बघ: एस्तेर बाहेर, बारूख आत. ती आजच्या प्रॉटेस्टंट यादीशीही जुळत नाही आणि कॅथलिक यादीशीही नाही. पुढं 397च्या कार्थेज परिषदेनं 27वर शिक्का मारला, तरी सुरियानी भाषेतल्या पेशित्ता या बायबलमध्ये 22च राहिली. 2 पेत्र, 2 व 3 योहान, यहूदा आणि प्रकटीकरण त्यात नव्हतं. केरळातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळींची उपासनेची परंपरागत भाषा तीच.

कॅथलिक बायबल जाड का, हेही तू विचारलंस. हिब्रू बायबलची पुस्तकं यहुदी गणतीनं 24, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचीही तीच. शमुवेल, राजे, इतिहास प्रत्येकी एक, एज्रा-नहेम्या मिळून एक आणि बारा लहान संदेष्टे मिळून एक धरतात. तीच सुटी मोजली की 39 होतात. सुरुवातीचे ख्रिस्ती मात्र ग्रीक बायबल वाचत आणि त्यात तोबित, यहूदीथ, शलमोनाचं ज्ञान, सिराख, बारूख आणि मक्काबींची पुस्तकं होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन अनुवादक जेरोमनं हिब्रूचा आग्रह धरला, बिशप ऑगस्टीननं ग्रीकचा. वाद मिटला नाही. प्रॉटेस्टंट सुधारक लूथरनं 1534मध्ये ती पुस्तकं दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली, ‘वाचायला चांगली’ म्हणून. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेनं 8 एप्रिल 1546 रोजी ती पूर्ण अधिकाराची ठरवली. म्हणून प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं आणि कॅथलिक बायबलात 73. इथिओपियाच्या मंडळीत 81 मोजतात. ‘मुळात हिब्रूत नाहीत’ ही त्या जादा पुस्तकांवरची हरकतही पूर्ण टिकली नाही, कारण सिराखची हिब्रू पानं 1896पासून कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या साठ्यातून ओळखली गेली.

‘भाषांतराचं भाषांतर होत होत मूळ हरवलं’ असंही तू लिहिलंयस. तसं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मराठी बायबल केलं ते हिब्रू आणि ग्रीकवरून. ते 1924मध्ये, त्यांच्या पश्चात, निघालं. खरी अडचण वेगळीच आहे: पुस्तक ठरलं, पण त्यातला पाठ कुठला? मार्कचा शेवटचा अध्याय काढ. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत तो आठव्या वचनाशी थांबतो: स्त्रिया कबरेपासून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढची 9 ते 20 वचनं नंतर जोडलेली आहेत. तुझ्या प्रतीत तिथं चौकोनी कंस किंवा तळटीप आहे का ते बघून मला कळव. योहानाच्या आठव्या अध्यायातली व्यभिचाराच्या आरोपातल्या स्त्रीची कथाही तिथंच ताडून पाहा, तीही सर्वांत जुन्या प्रतींत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदानंद