सगळे बंद ठेवा, एवढा सल्ला पुरत नाही

संपादक महोदय,

चवथीत आमच्या घरी जे झाले ते कळवावे म्हणून हे पत्र. माझ्या यजमानांना वर्षभरापासून कमी ऐकू येते. मुलाने म्हापशाहून कानातले यंत्र आणून दिले. ते ब्लूटूथने मोबाईलला जोडायचे आणि आवाज मोबाईलवरूनच कमीजास्त करायचा. पण त्याआधी ज्येष्ठ नागरिकांच्या एका बैठकीत कुणी तरी यांना सांगून ठेवले होते : ब्लूटूथ बंद ठेवा, लोकेशन बंद ठेवा, अ‍ॅपने काहीही मागितले तर नाही म्हणा. यजमान आज्ञाधारक. यंत्राच्या अ‍ॅपने लोकेशन मागितले, यांनी नाही म्हटले. झाले, मोबाईलला यंत्र सापडेचना. यंत्रवाला म्हणे मोबाईल बिघडलाय, मोबाईलवाला म्हणे यंत्र बिघडलेय. चवथीचे पाचही दिवस तसेच गेले. आरतीत वाजणारे घुमट हे वाद्य यांना यंत्राविना ऐकू येत होते, शेजारी बसलेल्या बहिणीचे बोलणे मात्र नाही.

कानातल्या यंत्राला आमचा पत्ता कशाला हवा, ही यांची शंका रास्तच होती. उत्तर गणपतीवर बांधलेली फळाफुलांची माटोळी उतरवायला आलेल्या भाच्याने दिले. अँड्रॉइडच्या ६ ते ११ या आवृत्त्यांत आसपासची ब्लूटूथ उपकरणे शोधायची तर अ‍ॅपला लोकेशनची परवानगी घ्यावीच लागते. कारण ठिकठिकाणी बसवलेल्या ब्लूटूथच्या खुणांवरून माणूस कुठे उभा आहे हे ताडता येते. म्हणजे मागणारा लबाड नव्हता, नियमच तसा होता. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून जवळपासच्या उपकरणांसाठी वेगळी परवानगी झाली, पण यांचा मोबाईल त्याआधीचा. लोकेशन चालू करून 'अ‍ॅप वापरताना' एवढीच परवानगी दिली आणि दोन मिनिटांत यंत्र जोडले गेले.

आता याच्या उलट बाजू. आपण बंद केले असे ज्याला समजतो ते बंद झालेले नसते. माझ्याकडे मुलाचा जुना आयफोन आहे. बोटाने ओढल्यावर जी बटणांची चौकट येते, तिथले वायफायचे चिन्ह दाबले की वायफाय गेला, असे मी कित्येक महिने धरून चालले होते. त्या चिन्हाने फक्त चालू जोडणी तुटते. आपण दुसऱ्या जागी गेलो, मोबाईल बंद करून सुरू केला किंवा पहाटेचे ५ वाजले, की तो ओळखीचे नेटवर्क पुन्हा धरायला मोकळा. (कोंबड्याबरोबर उठणारा मोबाईल मी प्रथमच पाहिला.) पुरता बंद करायचा तर सेटिंग्जमध्ये जाऊनच करावा लागतो. अँड्रॉइडवर वायफाय बंद असला तरी लोकेशनच्या पानात 'वायफाय स्कॅनिंग' आणि 'ब्लूटूथ स्कॅनिंग' ही बटणे वेगळी असतात. ती चालू असली तर मोबाईल आसपासचे राउटर हुंगत राहतो. त्याचा उपयोगही आहे. घरात उपग्रहाचा संकेत नीट पोचत नाही, तेव्हा राउटरांवरून ठिकाण लवकर सापडते. ज्याला हे नको, त्याला निदान ही बटणे आहेत एवढे तरी ठाऊक हवे.

साखळीहून पणजीला जाताना बसमध्ये वायफायची यादी उघडून पाहा. हॉटस्पॉट चालू ठेवलेल्यांची नावे दिसतात, काहींची तर आडनावासकट. आयफोनचा हॉटस्पॉट मोबाईलला दिलेले नावच पुढे करतो आणि ते नाव बदलता येते. माझ्या मोबाईलला अजून मुलाचेच नाव होते. आता तो 'फणस' आहे.

हवामानाच्या अ‍ॅपचेही तसेच. पाऊस कधी येणार हे सांगायला त्याला साखळी कळली की पुरे, आमची पडवी कळायची गरज नाही. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर २०२० पासून 'नेमके' ठिकाण नाकारून अंदाजे ठिकाण देता येते. मला विचाराल तर ही सर्वांत कामाची सोय, आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मुलांच्या मोबाईलवरच्या बंधनांविषयी एकच सांगते. सून जुन्या माहितीवरून आयफोनमध्ये 'रिस्ट्रिक्शन्स' शोधत बसली. २०१८ मध्येच ती 'स्क्रीन टाइम'च्या पोटात गेली आहेत. तिने ती शोधून लावली, पण अंक ठेवले मोबाईल उघडायचेच. नातवाला ते पाठ होते.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या मला ते ठाऊक होते, तो हक्क मोबाईलच्या कुठल्या पानावर बजावायचा ते नव्हते. भाषणे पुष्कळ होतात, आणि सगळ्यांचा सूर भीतीचाच. भिऊन माणूस एक तर सगळे बंद करतो, नाही तर कंटाळून सगळ्याला हो म्हणतो.

म्हणून दोन विनंत्या. पंचायतींनी आणि गावच्या वाचनालयांनी भाषणाऐवजी लोकांना आपापले मोबाईल घेऊन बसवावे आणि समोरच एकेक बटण दाबून दाखवावे. अँड्रॉइडवाल्यांना एका बाजूला बसवावे, आयफोनवाल्यांना दुसऱ्या, नाही तर अर्धा वेळ 'माझ्यात हे दिसत नाही' यातच जाईल. आणि आपण रविवारच्या अंकात चार बोटे जागा देऊन दर आठवड्याला एकच बटण समजावून सांगावे : ते काय करते, आणि काय करत नाही. सुरुवात त्या पहाटे ५ च्या बटणापासून केलीत तर आमच्या घरचे कात्रण मी स्वतः काढून ठेवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, साखळी