आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: दारू ओळखणारी 'पेथ' रक्ततपासणी आणा, पण शिक्का मारायला नको

मा. आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

लिव्हरच्या ओपीडीत 'दारू घेता का?' हे विचारावंच लागतं. पेशंट म्हणतो, 'सोडली डॉक्टर, कधीच.' शेजारी बसलेली बायको नेमकी तेव्हाच फाइलमधले कागद नीट लावायला घेते. मग आम्ही रक्तातली यकृताची एन्झाइम्स तपासतो: जीजीटी बघतो, एसजीओटी-एसजीपीटीचं प्रमाण बघतो आणि अंदाज बांधतो. पण जीजीटी फॅटी लिव्हरमध्ये वाढतो, पित्तनलिका तुंबली की वाढतो, फिट्सच्या काही गोळ्यांनीसुद्धा वाढतो. सीडीटी ही दारूसाठीची दुसरी रक्ततपासणी त्यातल्या त्यात बरी, पण सिरॉसिस (यकृत कडक, निकामी होत जाणं) बळावला की तिचाही भरवसा उरत नाही. थेंबालाही न शिवलेल्या माणसाच्या कपाळी दारुड्याचा शिक्का बसतो आणि पिणारा सहीसलामत निसटतो.

फॉस्फेटिडिल इथॅनॉल, म्हणजे 'पेथ', इथे कामाला येतो. रक्तात इथॅनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, असेल तरच तो तांबड्या पेशींच्या आवरणात तयार होतो. यकृत कितीही बिघडलं तरी आपोआप होत नाही. साधारण 2 ते 4 आठवडे मागचं पिणं त्यातून कळतं. मिलिलिटरमागे 200 नॅनोग्रॅमच्या वर गेला तर पिणं जोरात चालू आहे असं धरतात. 20 च्या खाली असेल तर पिणं बंद किंवा अगदीच किरकोळ. पेथ मोजणारं एलसी-एमएस यंत्र महाग, हे मान्य. पण ते प्रत्येक रुग्णालयात कशाला हवं? बोटातून काढलेले थेंब कागदावर वाळवून मध्यवर्ती प्रयोगशाळेत पाठवता येतात.

तेव्हा यकृत विभागांत आणि प्रत्यारोपण केंद्रांत ही तपासणी सुरू करा. मात्र नियम आधी करा. पेशंटला सांगितल्याशिवाय, त्याची संमती घेतल्याशिवाय रक्त काढायचं नाही. रिपोर्ट विमा कंपनीच्या किंवा नोकरीच्या मालकाच्या हाती जाता कामा नये. एका आकड्यावरून प्रत्यारोपणाच्या यादीतलं नाव खोडू नये. नुकतंच रक्त चढवलं असेल, तर दात्याने घेतलेली दारूही पेशंटच्या खात्यावर दिसू शकते. (हे आमच्यातल्याही अनेकांच्या ध्यानात नसतं.)

आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पुढे काय? त्याच दिवशी पेशंट व्यसनमुक्ती समुपदेशकासमोर बसला पाहिजे. ती जागा रिकामी असेल तर आधी ती भरा, यंत्राची निविदा मागाहून काढा.

आपला,
यकृतरोग विभागातील एक डॉक्टर