एका दिवसाला आजाराचे नाव देऊ नकोस

सांगली

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

सकाळी प्रसन्न वाटले, दुपारी ऑफिसात विनाकारण रडू आले आणि रात्री भाजी चिरता चिरता गाणे सुचले, म्हणजे तुझा बायपोलर, हा मनाला कधी भलतेच चढवणारा आणि कधी खोल उतरवणारा आजार, पुन्हा सुरू झाला का, असे तू परवा विचारलेस. फोनवर याचे उत्तर घाईने देणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे पत्र.

एका दिवसात मन तीन वेळा बदलणे म्हणजे आजार उलटणे नव्हे. डॉक्टर हायपोमॅनिया, म्हणजे सौम्य चढ, म्हणतात तेव्हा चढलेली अवस्था सलग किमान 4 दिवस टिकलेली असावी लागते. मॅनियासाठी, म्हणजे तीव्र चढासाठी, साधारण आठवडा आणि डिप्रेशनसाठी 2 आठवडे धरतात. आणि नुसती मनःस्थिती बदलून भागत नाही, तिच्याबरोबर झोप, बोलण्याचा वेग, भूक, खर्च, कामातले लक्ष हे सगळेच बदलावे लागते. तेव्हा दुपारचे रडू हे दुपारचे रडू आहे आणि रात्रीचे गाणे हे गाणे आहे. बायपोलर असलेल्या माणसालाही साधे दुःख आणि साधा आनंद यांचा हक्क असतो. तू मोठ्याने हसलीस की घरातल्या कोणी एकमेकांकडे पाहायचे नाही, असे तुझ्या आईने आणि मी ठरवले आहे, आणि तूही स्वतःकडे तशा नजरेने पाहू नयेस अशी माझी इच्छा आहे.

मग लक्ष कशावर ठेवायचे? माझ्या मते मनापेक्षा झोपेवर. मन कसे आहे हे सांगताना माणूस फसू शकतो, पण रात्री किती वाजता झोपलो आणि किती वाजता उठलो हे वहीत लिहिले की त्यात वाद उरत नाही. झोप कमी होऊनही थकवा न वाटणे, पहाटे तीनला डोक्यात योजना घेऊन ताजेतवाने उठणे, ही चढाच्या लवकर दिसणाऱ्या खुणांपैकी एक आहे. आणि झोप मोडणे हे नुसते लक्षण नसून कारणही होऊ शकते. म्हणून उठण्याची, पहिल्यांदा कुणाशी तरी बोलण्याची, कामाला बसण्याची, जेवण्याची आणि झोपण्याची वेळ रविवारीसुद्धा शक्यतो तीच ठेव. डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यात उणे 3 पासून अधिक 3 पर्यंत मनाचा आकडा लिहितेस तो लिहीतच राहा, पण त्याच्या शेजारचा झोपेचा रकाना कधी कोरा सोडू नकोस.

ढोलपथकाचे तू विचारले होतेस. पथकात जाऊ नकोस असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण ढोल कमरेला बांधला की तुझ्या चेहऱ्यावर जे येते ते मी पाहिले आहे. नदीपात्रातला सराव संपवून वेळेवर घरी येऊन झोपता येत असेल तर अवश्य जा. मात्र पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा त्या रात्रीचे वादन सोडावे आणि दिवसा एखाद्या मिरवणुकीत वाजवावे, असे मला वाटते. पथकप्रमुखांना कारण सांगायचे की नाही हे तू ठरव. तब्येतीमुळे जागरण चालत नाही एवढे सांगणे पुरेसे आहे.

आता गोळीविषयी. तुझ्या गोळीतल्या लिथियमचा या आजारावरचा उपयोग जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1949 साली प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला रुग्ण कित्येक वर्षे उन्मादात होता. तो बरा झाला, आपल्या जुन्या कामावर परतला, मग त्याने औषध सोडले आणि काही महिन्यांत त्याला पुन्हा भरती व्हावे लागले. इतक्या वर्षांनंतरही हेच घडत आलेले दिसते. बरे वाटते ते गोळीमुळे वाटते, आणि नेमके तेव्हाच ती नकोशी होते. दिवाळीत रांगोळीची रेघ ओढताना तुझा हात बारीक थरथरत होता आणि तू ठिपके पुसून पुन्हा मांडत होतीस, ते मला दिसले. गोळीचा तो त्रास खराच आहे, पण त्यासाठी गोळी परस्पर कमी करायची नाही, डॉक्टरांना सांगायचे. मात्रा, वेळ किंवा जोडीचे औषध त्यांना बदलता येते.

लिथियमच्या तपासणीसाठी रक्त देताना शेवटच्या गोळीनंतर 12 तास झालेले असावेत आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यावी, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. तो साधारण 0.6 ते 1.0 च्या दरम्यान ठेवतात. थायरॉइड आणि किडनीची तपासणीही त्यासोबत होऊ दे. निर्जळी उपास करू नकोस आणि मीठ एकदम तोडू नकोस, कारण शरीरातले पाणी आणि मीठ घटले की लिथियम रक्तात साठू लागते. आजी काही म्हणाली तर तिला मी समजावेन. डोके किंवा पाठ दुखली म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक दुकानातून आणून घ्यायचे नाही. उलट्या, जुलाब, जड जीभ, अडखळती चाल किंवा हाताचा मोठा कंप, यांतले काही दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पैशाचा नियम आपण केलाच आहे: मोठी खरेदी, राजीनामा किंवा कर्ज यांपैकी काहीही दोन रात्री पूर्ण झोप झाल्याशिवाय आणि दोन माणसांना विचारल्याशिवाय नाही. उताराच्या दिवसांत याच्या उलट आहे. तेव्हा रोजचे निर्णय टाळायचे नसतात, ते लहान करायचे असतात. अंथरूण सोडून तोंड धुणे, खिडकी उघडणे, चहा करून तो बसून पिणे, एवढे झाले तरी त्या दिवसाचे काम झाले असे मी मानतो. आणि जगणे नको वाटू लागले तर उजाडण्याची वाट पाहू नकोस. रात्री दोनलाही मला फोन कर, मी निघेन. माझा लागला नाही तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

लग्नाविषयी एवढेच, की तो विषय तुझ्या मनात येईल तेव्हा समोरच्याला आजाराची गोष्ट आधी सांगितली जाईल, आणि ती तूच सांगशील, नातेवाईक नव्हेत.

एक काम मात्र लवकर करायचे आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे आजारपणात तुझ्या वतीने बोलणारी व्यक्ती तुला आधीच नेमता येते. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते. मी बाप आहे म्हणून माझेच नाव घालावे असे नाही. तुझ्या मैत्रिणीवर तुझा अधिक विश्वास असेल तर तिला विचार, मला त्याचे मुळीच वाईट वाटणार नाही. कोणते औषध तुला चालले नाही, कोणाला कळवायचे आणि कोणाला नाही, हेही तू बरी असताना, म्हणजे आताच, लिहून काढावेस असे मला वाटते. पुढच्या महिन्यात मी पुण्याला येतो आहे, तेव्हा आपण दोघे बसून मसुदा करू. तोवर मागचे दोन्ही रिपोर्ट एका फाइलीत लावून ठेव.

तुझे,
बाबा