न तोडलेल्या झाडांचा हिशेब

प्रिय सुहास,

तुझी मेल मिळाली, सोबतची ती जाडजूड फाईलही. तुमच्या कंपनीने आपल्या धुराच्या बदल्यात वर्षावन वाचवणाऱ्या एका प्रकल्पाची कार्बन क्रेडिट्स घ्यायचं मनावर घेतलंय, समितीत तुझं नाव घातलंय, आणि तू विचारतोयस की यात काही तथ्य आहे की ही पैसे टाकून पाप धुवायची सोय आहे. खरं सांगू? दोन्ही आहे. कुठल्या प्रकल्पात काय, ते बघायचं कुठे एवढं सांगतो. निर्णय तुझा.

आधी हे लक्षात घे की तुम्ही विकत काय घेताय. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. पण तुझ्या फाईलमधला प्रकल्प झाडं लावत नाही. जी झाडं पडली असती ती आमच्यामुळे पडली नाहीत, असं त्याचं म्हणणं आहे. म्हणजे विकायला काढलीये ती न घडलेली जंगलतोड. क्योटोच्या हवामान कराराने उभ्या केलेल्या क्रेडिट्सच्या बाजारात असल्या उभ्या जंगलाला जागाच नव्हती, फक्त नव्या लागवडीला होती. २००५ मध्ये माँट्रियलच्या हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी मुद्दा काढला की जंगल कापून लाकूड, सोयाबीन, पामतेल, गोमांस विकलं तर आम्हाला पैसे मिळतात, जंगल राखलं तर दमडी नाही. मुद्दा रास्तच होता. पुढे बाली, मग पॅरिस, अशा पुढच्या परिषदा करत, जंगल राखण्याबद्दल पैसे देणारी 'रेड प्लस' नावाची व्यवस्था उभी राहिली. तो इतिहास फाईलच्या पहिल्या वीस पानांत आहे, तो गाळलास तरी चालेल.

जंगलातला कार्बन मोजतात कसा, हे मात्र वाच, कारण तो भाग मला आवडतो. नमुन्याचे प्लॉट आखतात आणि त्यातल्या प्रत्येक खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर टेपने घेतात. आता वर्षावनातल्या थोराड झाडांना बुंध्याशी भिंतींसारखी आधारमुळं फुटलेली असतात, कधीकधी माणसाच्या डोक्यावर जाणारी. तिथे १.३ मीटरचा हट्ट धरला तर टेपमध्ये खोड येतच नाही, मुळंच येतात, आणि कार्बन फुकट फुगतो. म्हणून शिडी लावून मुळांच्या वर टेप गुंडाळायचा, खोडाला बिलगलेली वेल असेल तर टेप तिच्याखालून सारायचा, आणि मोजल्या जागी रंगाचा पट्टा मारायचा, म्हणजे पुढच्या वेळी टेप त्याच जागी बसतो. घेरावरून व्यास, व्यास आणि लाकडाची घनता यांवरून कोरडं वजन, त्याचा साधारण निम्मा कार्बन, आणि त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. बहुतेक ठिकाणी हे काम गावातलीच पोरं करतात आणि चोख करतात. इथे थोडीफार चूक राहते, लबाडी सहसा नसते.

लबाडी शिरते ती बेसलाइनमध्ये. प्रकल्प नसता तर किती जंगल गेलं असतं, याचा अंदाज म्हणजे बेसलाइन. जुन्या पद्धतींत हा अंदाज प्रकल्प चालवणारी कंपनीच बांधायची, आणि तुलनेसाठी कुठला भाग घ्यायचा तेही तीच ठरवायची. विद्यार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी, असा तो प्रकार. तुलनेला हमरस्त्याकाठचा, गुरांच्या कुरणांनी कुरतडलेला भाग घेतला की कागदावर आपलं दूरचं, कोणी फिरकत नसलेलं जंगलही भराभर कापलं जातं, आणि 'वाचवलेल्या' टनांचा डोंगर उभा राहतो.

ही नुसती शंका नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात थेल्स वेस्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी तीन खंडांतल्या सहा देशांमधले २६ प्रकल्प घेतले आणि प्रत्येकाशी शक्य तितकं जुळणारं, पण प्रकल्प नसलेलं जंगल शोधून दोन्हीकडची तोड ताडून पाहिली. बहुतेक प्रकल्पांत फारसा फरकच दिसला नाही. जितकी क्रेडिट्स निघतील असं सांगितलं गेलं होतं, त्यातल्या सहा टक्क्यांच्या आसपास क्रेडिट्सनाच खऱ्या बचतीचा आधार सापडला. त्याच वर्षी जानेवारीत 'गार्डियन', 'डी त्साइट' आणि 'सोर्समटेरिअल' यांच्या शोधवृत्तानेही 'व्हेरा' या कार्बन क्रेडिट्स प्रमाणित करणाऱ्या सर्वांत मोठ्या संस्थेची वर्षावनाची क्रेडिट्स ९० टक्क्यांहून अधिक पोकळ असल्याचा दावा केला होता. व्हेराने तो फेटाळला, या पत्रकारांची पद्धतच चुकीची आहे म्हणून. पण त्या वर्षअखेर व्हेराने स्वतःच नवी पद्धत आणली आणि तीत बेसलाइन ठरवायचं काम प्रकल्पवाल्यांच्या हातून काढून घेतलं. यातून काय समजायचं ते तू समज. तुझ्या फाईलमधला प्रकल्प जुन्या पद्धतीवर नोंदलेला आहे, मी पाहिलं. आधी तेवढ्यावरच बोट ठेव.

पण नुसत्या बेसलाइनवर प्रकल्प नापास करून मोकळा झालास तर अर्धंच काम होईल. बेसलाइन चोख असली तरी जंगल टिकेलच असं नाही. ते टिकतं तिथल्या माणसांमुळे, आणि ती माणसं पोटासाठी काय करतात हे या असल्या फायलींत शेवटच्या दहा पानांत, हसऱ्या मुलांच्या फोटोंखाली असतं.

ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यातल्या पैतेर सुरुई या आदिवासींचं उदाहरण घे. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध आला तो १९६९ मध्ये, आणि त्यानंतर चार दशकांत त्यांनी आपल्या जंगलाचा कार्बन प्रकल्प स्वतः उभा केला. आदिवासींनी स्वतः चालवलेला असा हा पहिलाच. २०१३ मध्ये 'नातुरा' या ब्राझीलच्या सौंदर्यप्रसाधन कंपनीने त्यांची १ लाख २० हजार क्रेडिट्स घेतली. बेसलाइन ठीक, इरादा ठीक, हक्क त्यांचे, सगळं जुळून आलं होतं. मग त्यांच्याच जमिनीत सोनं आणि हिरे निघाले. खाणवाले आले, लाकूडवाले होतेच, जमातीत फूट पडली, आणि २०१८ मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. क्रेडिटचे पैसे ऑडिट, पडताळणी, विक्री अशा पायऱ्या चढत दोन-तीन वर्षांनी हातात येतात. लाकडाचा दलाल आज संध्याकाळी रोकड घेऊन दारात उभा असतो. या शर्यतीत कार्बनचा पैसा म्हणजे वरातीमागून घोडं.

याच्या उलट ग्वाटेमालातलं पेतेन बघ. १९९० मध्ये तिथे माया बायोस्फिअर राखीव क्षेत्र झालं. त्यातल्या काही भागात कडक राष्ट्रीय उद्यानं केली आणि काही भाग पुढच्या काही वर्षांत गावांच्या संस्थांना २५ वर्षांच्या कराराने सांभाळायला दिला. अट अशी की आराखड्याप्रमाणे मोजकीच झाडं तोडायची, बाकी जंगल राखायचं. लोक महोगनी विकतात, चिकल नावाचा चीक काढतात, आणि शाते नावाच्या बुटक्या पामची पानं परदेशी फुलवाल्यांना पाठवतात. या पानांची गंमत ऐक. पूर्वी तोडणाऱ्याला नगावर पैसे मिळत, म्हणून तो दिसेल ते पान ओरबाडायचा आणि शेडमध्ये बायका निवडायला बसल्या की डागी, फाटकी पानं ढिगाने फेकली जायची. मग गावांनी दलालाला बाजूला सारून थेट विक्री सुरू केली आणि फक्त चांगल्या पानाचे पैसे द्यायला लागले. तोड आपोआप कमी झाली.  उन्हाळ्यात वणव्याच्या पट्ट्या काढायला तीच माणसं जातात, कारण जळालं तर त्यांचं जळतं. आणि लगुना देल तिग्रे हे कडक संरक्षणाचं राष्ट्रीय उद्यान? ते मोठ्या प्रमाणावर गुरांच्या कुरणांनी खाल्लं. गावांनी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या भागात मात्र तोड नगण्य आहे.

ब्राझील नटचंही तसंच. पेरू, बोलिव्हिया, ब्राझीलच्या जंगलात हे झाड पन्नास मीटरपर्यंत उंच जातं. परागणासाठी त्याच्या फुलाची घट्ट टोपी उचलायला दांडग्या मधमाश्या लागतात, आणि त्या मधमाश्यांना अख्खं जंगल लागतं. नारळाएवढं टणक फळ फोडून बिया पुरून ठेवायला अगूती नावाचा गिनीपिगच्या जातकुळीतला प्राणी लागतो. मळ्यात लावून हे झाड फारसं जमलेलं नाही. म्हणून जगातले जवळपास सगळे ब्राझील नट आजही रानातून, पावसाळ्यात खाली पडलेली फळं वेचून येतात. जंगल उभं तर धंदा उभा. पण हाही धंदा बिनघोर नाही. २०१५-१६ च्या एल निन्योच्या दुष्काळानंतर २०१७ चा हंगाम पार कोसळला. अशा वर्षी त्या माणसांनी खायचं काय? माझ्या मते कार्बनच्या पैशाची खरी जागा इथे आहे. धंदा बुडाला त्या वर्षी हात देणारा पैसा, गोदामाला, वाळवणीच्या यंत्राला, वणव्याच्या पथकाला लागणारा पैसा. त्यालाच धंदा करायला गेलं की सुरुईंसारखी गत होते.

कोस्टा रिकाचं नाव तुझ्या फाईलमध्ये चार वेळा आलंय, म्हणून सांगतो. तिथे १९९७ पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना सरकार पैसे देतं आणि ते मुख्यतः इंधनावरच्या करातून येतात. १९८० च्या दशकात देशाच्या जेमतेम पाव भागावर जंगल उरलं होतं, आज निम्म्याहून अधिक भागावर आहे. मात्र १९९६ च्या कायद्याने जंगल तोडून शेत करायला बंदीच घातली होती, आणि त्याआधीच गोमांसाच्या निर्यातीचा भाव पडून कुरणं ओस पडायला लागली होती. निव्वळ पैशाने हे घडलं असं फाईल सुचवते, ते खरं नाही.

दुसरं टोकही दाखवतो. कंबोडियातल्या सदर्न कार्डमम प्रकल्पाबद्दल ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२४ मध्ये अहवाल काढला. प्रकल्प आधी सुरू झाला, चोंग आदिवासींशी सल्लामसलत दोनेक वर्षांनी, आणि दरम्यान पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी कसणाऱ्यांना हुसकावलं, काहींना अटक झाली, असं त्यात म्हटलं आहे. प्रकल्पवाल्यांनी आरोप नाकारले. व्हेराने मध्ये वर्षाहून अधिक काळ क्रेडिट्स थांबवली आणि पुन्हा सुरू केली. असं क्रेडिट तुमच्या अहवालाच्या गुळगुळीत पानावर छापलं तर ते किती हिरवं दिसेल, विचार कर.

गयानाने देशभराच्या जंगलाची क्रेडिट्स काढली आणि २०२२ मध्ये हेस या तेल कंपनीने त्यातली काही किमान ७५ कोटी डॉलरला घ्यायचा करार केला. याच हेसची तेव्हा गयानाच्या समुद्रातल्या तेलात भागीदारी होती! ही विसंगती मला अजून पचलेली नाही. तरी त्यातला १५ टक्के वाटा थेट आदिवासी गावांना जातो आणि तो कशावर खर्चायचा ते गावं आपल्या आराखड्यात ठरवतात, हे चांगलं. आमची संमती नीट घेतली नाही अशी तिथल्या एका आदिवासी संघटनेची तक्रार आहे, हेही टिपून ठेव.

आगीचं एकच वाक्य: २०२४ मध्ये जगाने ६७ लाख हेक्टर अस्पर्श वर्षावन गमावलं आणि त्याचं सर्वांत मोठं कारण वणवे होतं. प्रकल्प काही क्रेडिट्स राखीव ठेवतात, जळिताच्या भरपाईला. तुझ्या फाईलमध्ये हे राखीव खातं किती आहे ते मला तरी सापडलं नाही.

तेव्हा समितीत हे मांड. तुमचा धूर या क्रेडिट्सनी वजा करू नका. आधी तो कमी करा, आणि जंगलासाठी द्यायचं ते देणगी म्हणून द्या, अहवालातही तसंच लिहा. प्रकल्पवाल्यांना विचारा की एका क्रेडिटच्या किमतीतले किती पैसे गावाच्या खात्यावर पडतात, मधल्यांचं किती. जमिनीचा कागद कोणाच्या नावाने आहे. संमतीचा ठराव त्यांच्या भाषेत आहे का, आणि तो प्रकल्पाच्या आधीच्या तारखेचा आहे का. करार संपला त्या दिवशी ही माणसं कशावर जगणार. या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं तर बाकीच्या त्रुटींवर मी थोडी डोळेझाक करीन. फोटो पाठवले तर करणार नाही.

मोठ्या साहेबांना क्रेडिटच हवं असेल तर ते ऐकणार नाहीत, याची मला कल्पना आहे. निदान परिशिष्ट मागवून घे, लाभवाटपाचं. अनुक्रमणिकेत त्याचं नाव आहे, पण फाईलमध्ये पानंच नाहीत. ते हातात येईपर्यंत सही करू नकोस. बैठकीची तारीख कळव, आदल्या रात्री फोनवर बोलू.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
अविनाश